डॉ. कमला सोहोनी

भंडारा जिल्ह्यातील मोहाडीच्या आसपास पाहावे तिकडे धानाच्या बांध्या दिसतात. धुऱ्यांवर तूर उभी असते. भात आणि वरण हेच तेथील घरोघरचे रोजचे अन्न. कधी वालाची उसळ होते. पण वाल चांगले शिजविल्यावाचून आई ते ताटात वाढीत नाही. ही चाल शेकडो वर्षांची आहे. तिच्यामागील कारण ज्यांनी प्रयोगशाळेत शोधले, त्यांत एक मराठी स्त्री होती. तिचे नाव डॉ. कमला सोहोनी.

कमला भागवत हिचा जन्म इ. स. १९११ मध्ये इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. पुढे लेखिका म्हणून कीर्ती पावलेल्या दुर्गा भागवत या तिच्या भगिनी होत. इ. स. १९३३ मध्ये कमला मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिली आली. वडील व चुलते ज्या बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत शिकले होते, तेथेच संशोधन करावे म्हणून तिने अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन. मुलींना प्रवेश नाही, असे कळवून त्यांनी अर्ज नाकारला. एवढा थोर शास्त्रज्ञ, पण या बाबतीत त्याची दृष्टी संकुचित ठरली!

कमला स्वतः बंगलोरला गेली आणि प्रवेशाचा हट्ट धरून बसली. ते दिवस सत्याग्रहाचे होते. अखेर रामन यांनी होकार दिला, पण अटी घातल्या. एक वर्षपर्यंत तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते; गुरुजी सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते; आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतील वातावरण बिघडता कामा नये, असेही तिला बजावण्यात आले. या शेवटच्या अटीचे तिला फार वाईट वाटले. तरीही तिने सर्व अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या या कडक शिस्तीच्या गुरूंच्या हाताखाली ती पहाटेपासून रात्रीपर्यंत राबली. दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा तिने अभ्यास केला. वर्ष सरले, तेव्हा रामन यांची खात्री पटली होती. तिला रीतसर प्रवेश मिळाला, आणि तिच्यामागून येणाऱ्या मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले.

इ. स. १९३७ मध्ये ती केंब्रिजला गेली. तेथे बटाट्यावर प्रयोग करीत असता वनस्पतींच्या पेशींत तिला सायटोक्रोम-सी हे द्रव्य आढळले. प्राण्यांच्या पेशींत श्वसनाच्या कामी येणारे द्रव्य वनस्पतींतही असावे, ही गोष्ट मोठी होती. या शोधावरील तिचा अवघ्या चाळीस पानांचा प्रबंध स्वीकारून केंब्रिजने १९३९ मध्ये तिला पीएच. डी. दिली.

परदेशात राहणे सोपे होते. त्या परत आल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम करून, १९४७ मध्ये श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर, कमलाबाई मुंबईच्या विज्ञानसंस्थेत आल्या. गरिबाच्या ताटातील अन्न हाच त्यांचा विषय झाला. आपल्या आतड्यांत ट्रिप्सिन नावाचे विकर असते. विकर म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया वेगाने घडविणारे द्रव्य. ट्रिप्सिन प्रथिनांचे तुकडे करते, तेव्हाच ती अंगी लागतात. कच्च्या वालात मात्र ट्रिप्सिनला रोखून धरणारे एक द्रव्य असते. कमलाबाई व त्यांचे सहकारी यांनी ते स्फटिकरूपात वेगळे काढले व १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. अशी द्रव्ये शिजविल्याने बहुतांशी निष्प्रभ होतात. आईचा आग्रह उगाच नव्हता! धानाच्या आट्याच्या पोषकतेचाही त्यांनी अभ्यास केला.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेकडे लक्ष वळविले. ताड, माड, शिंदी या झाडांचा हा गोड रस सूर्योदयापूर्वी उतरवितात. ऊन चढले की यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव आपल्या विकरांनी त्यातील साखरेचे मद्य बनवितात आणि नीरेची ताडी होते. ताज्या नीरेत क जीवनसत्त्व व लोह असल्याचे कमलाबाईंनी दाखविले. कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना ती दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले.

पुढे ग्राहकांच्या हितासाठी स्थापन झालेल्या एका संस्थेच्या त्या आधारस्तंभ बनल्या आणि तिच्या कीमत या मासिकातून लिहू लागल्या. त्यांच्या कार्याची मोठी दखल मात्र उतारवयातच घेतली गेली. इ. स. १९९८ मध्ये नवी दिल्ली येथे त्यांचा सत्कार योजिला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या, आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.