महर्षी कर्वे : रुंदावत गेलेली दृष्टी

थोर पुरुषांच्या चरित्रलेखनात एक दोष हटकून आढळतो. त्यांची अखेरची मते त्यांना जणू जन्मतःच लाभली होती, असे भासविले जाते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावरही हा अन्याय झाला आहे. वस्तुतः त्यांच्या १०४ वर्षांच्या आयुष्यात समतेची जाणीव टप्प्याटप्प्यानेच वाढत गेली.

१८५८ साली कोकणात जन्मलेले कर्वे १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. विधुराने कुमारिकेशी लग्न लावावे, ही तेव्हाची रूढी. कर्व्यांनी मात्र १८९३ मध्ये शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुनर्विवाहाचा मार्ग थोड्याच विधवा पत्करणार, स्वावलंबनासाठी शिक्षण मात्र सर्वांनाच हवे, हे ध्यानी आल्यावर १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. पुढे तो हिंगण्यास गेला आणि महाविद्यालयातील अध्यापन उरकून कर्वे पायी तेथे जाऊ लागले.

तथापि या आश्रमाचे दार प्रारंभी सर्व जातींना खुले नव्हते. विठ्ठल रामजी शिंदे यांनी आपली भगिनी जनाक्का हिच्यासाठी तेथे प्रवेश मागितला. ती ब्राह्मणेतर असल्याने तो नाकारला गेला. शिंदे यांच्या आत्मचरित्रात हा प्रसंग नमूद आहे. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला वर्गणीदारांच्या समजुतींपलीकडे पाऊल टाकणे अवघड असते, हे खरे. परंतु या व्यवहारी सावधगिरीची किंमत दारातून परत गेलेल्या मुलीला मोजावी लागली, हेही तितकेच खरे.

विधवांपासून सुरू झालेले कार्य १९०७ च्या महिला विद्यालयाने सर्व स्त्रियांपर्यंत नेले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ निघाले व त्यात उच्च शिक्षणही मातृभाषेतून देण्याचे ठरले. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाख रुपयांच्या देणगीने त्या विद्यापीठास स्थैर्य आले. येथे थांबले असते, तरी कर्व्यांची कीर्ती अबाधित राहिली असती. पण १९३६ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, जातिभेद व विषमता यांच्या निवारणार्थ समता संघ स्थापन केला आणि त्याच्या विचारप्रसारासाठी 'मानवी समता' हे मासिक चालविले.

१९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ मध्ये ते निवर्तले. जनाक्काला नाकारलेली संधी समता संघाने परत दिली नाही, देऊ शकतही नव्हता. मात्र सुधारकाचीही सुधारणा व्हावी लागते, आणि ती उतारवयातही होऊ शकते, याची साक्ष हे चरित्र देते. शिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वर्गात कोण बसले आहे याबरोबरच कोण येऊच शकले नाही, याचाही हिशेब ठेवावयास हवा. कर्व्यांना तो हिशेब पुरा करण्यास दीर्घायुष्य लाभले. सर्वांनाच ते लाभते असे नाही.