ऑलिंपिकवीर कै. खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यात कराडला लागून गोळेश्वर नावाचे गाव आहे. या गावी दि. १५ जानेवारी १९२६ रोजी कै. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच कुस्ती असल्याने लाल मातीची ओढ त्यांना लहानपणापासूनच लागली. कराडच्या टिळक हायस्कूलात त्यांचे शिक्षण झाले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याचे कामही त्यांनी केले.

पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात ते दाखल झाले. बाबूराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांनी त्यांच्याकडून मेहनत करून घेतली. अंगकाठी लहान, परंतु चपळाई विलक्षण. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता.

१९४८ साली लंडन येथे भरलेल्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली व कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला. आपल्याकडे कुस्ती मातीत, ती निकाली होईपर्यंत चालावयाची. तेथे मात्र गादीवरची कुस्ती, घड्याळ लावून आणि गुणांवर. अमेरिकेचे प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी त्यांना या पद्धतीची माहिती करून दिली. एवढ्या अल्प तयारीवर खाशाबांनी सहावा क्रमांक मिळविला. परत आल्यावर त्यांनी मेहनत दुप्पट केली आणि वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या गटात उतरण्याचे ठरविले.

१९५२ चे ऑलिंपिक फिनलंड देशातील हेलसिंकी येथे होते. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला असे वाटल्यावरून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावण्यात आली आणि खाशाबांनी ती जिंकली. निवड झाली, पण जाण्यासाठी पैसा नव्हता. सरकारी मदत पुरेशी नव्हती. तेव्हा गोळेश्वर व आसपासच्या लोकांनी यथाशक्ति वर्गणी दिली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. शिष्यासाठी घर गहाण टाकणारे असे गुरू विरळाच!

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना हरविले. जपानच्या शोहाची इशी याच्याशी मोठी झुंज होऊन ते गुणांवर हरले. पुढील लढत रशियाच्या मल्लाशी होती. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळण्याचा नियम होता. परंतु त्यांची बाजू मांडण्यास भारताचा एकही अधिकारी त्या ठिकाणी हजर नव्हता. थकल्या अंगाने ते उभे राहिले व हरले. तरीही कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताचे ऑलिंपिकमधील हे पहिले वैयक्तिक पदक होय. त्यानंतरचे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले आणि कुस्तीतील दुसरे पदक २००८ साली आले.

खाशाबा परतले तेव्हा १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. कराडहून गोळेश्वरला जावयास एरवी पाव तास पुरे, त्या दिवशी कित्येक तास लागले. परंतु सत्कारात ते हरवून गेले नाहीत. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरविले, त्यात स्वतः लढले आणि मिळालेली रक्कम खर्डेकरांचे घर सोडविण्यासाठी दिली. मदत देणाऱ्यांचे मन मोठे, तसेच घेणाऱ्याचेही मन मोठे होते.

१९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न ऑलिंपिक हुकले. पुढे क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले आणि अंगी असलेली विद्या इतरांना दिली. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर ते सहाय्यक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. मात्र हक्काच्या पेन्शनसाठी या ऑलिंपिकवीराला झगडावे लागले, ही खेदाची गोष्ट आहे. उतारवय आर्थिक ओढाताणीत गेले आणि दि. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

मरणोत्तर त्यांना २००० सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. हे सर्व योग्यच झाले, पण ते पाहण्यास खाशाबा नव्हते.

सरकार व संस्था यांना त्यांची आठवण उशिरा झाली. गावाने मात्र ते जिंकण्यापूर्वीच त्यांच्यावर विश्वास टाकला होता. पदक खाशाबांच्या गळ्यात पडले, पण त्यात गोळेश्वरच्या कष्टकऱ्यांचा रुपया-दोन रुपयाही होता. मंदिराचा कळसही अशाच लहानमोठ्या वर्गणीतून चढतो. पावतीवरचा आकडा कितीही लहान असो, त्यामागील श्रद्धा लहान नसते. कै. खाशाबांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!