मलिक अंबर : गुलामीतून राज्यकारभाराकडे



तुमच्यापैकी काहींनी छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, भडकल दरवाजा पाहिला असेल. तो १६१२ साली मलिक अंबर यांनी बांधविला. ते शहरही त्यांनीच १६१० साली खडकी या नावाने वसविले.

सुमारे १५४८ साली हबसाण देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेल्या या मुलाचे नाव चापू होते. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बाजारामागून बाजार आणि धन्यामागून धनी बदलत तो बगदादला पोचला. तेथे मीर कासिम या धन्याने त्याची हुशारी ओळखून त्याला शिकविले व अंबर हे नाव दिले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशीच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर स्वतंत्र झाले.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. तेव्हा अंबर यांनी निजामशाही वंशातील मुर्तझा यास परांड्याला गादीवर बसवून राज्य सावरले. गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्यांच्या बाजूने लढले. जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरविण्याची पद्धत त्यांनी घालून दिली आणि नहरीने, जमिनीखालून, खडकीला पाणी आणले.

तरीही जहांगीर बादशहा त्यांच्या काळ्या रंगावरून त्यांना हिणवीत असे. अंबर यांच्या शिरावर आपण बाण मारीत आहोत, असे चित्रही त्याच्या दरबारात काढले गेले. प्रत्यक्षात ते शिर मोगलांच्या हाती कधीच आले नाही. १६२६ साली अंबर निवर्तले, तेव्हा त्याच दरबारच्या इतिहासकाराने त्यांच्या युद्धकौशल्याची व कारभाराची स्तुती केली. त्यांची कबर खुलदाबादला आहे.

परंतु एक प्रश्न उरतोच. त्याच बाजारात विकल्या गेलेल्या, पण मीर कासिम न भेटलेल्या हजारो मुलांचे काय झाले? त्यांची नावेसुद्धा इतिहासाला ठाऊक नाहीत. माणसाचा हक्क धन्याच्या मर्जीवर किंवा असामान्य कर्तृत्वावर अवलंबून राहता कामा नये. म्हणूनच १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने गुलामगिरी निषिद्ध ठरविली आणि आपल्या राज्यघटनेने माणसांच्या व्यापारास बंदी केली.

आफ्रिकी वंशाचे सिद्दी बांधव आजही गुजरात, कर्नाटक, गोवा व महाराष्ट्रात राहतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना २००३ साली अनुसूचित जमातीत स्थान मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहूनही रंगरूपामुळे त्यांना परदेशी समजले जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

पालकहो, घरात कोणा मुलाला रंगावरून नाव ठेवले जात असेल तर ते आजच थांबवा. आणि विद्यार्थ्यांनो, अंबर यांना शिक्षण मिळाले ते एका धन्याच्या कृपेने. तुम्हाला ते हक्काने मिळत आहे. त्या हक्काचे सोने करा, आणि वर्गात शेजारी बसलेल्या मुलाचाही तो तितकाच हक्क आहे, हे विसरू नका.