शेजाऱ्याचं धुराडं आणि बेंजामिन फ्रँकलिन

बेंजामिन फ्रँकलिन म्हटलं की आपल्याला पतंग आणि वीज आठवते. अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेवरचे ते हेच गृहस्थ. पण भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना त्यांचं दुसरंच एक काम जास्त जवळचं वाटेल.

त्यांचा जन्म १७०६ चा, बोस्टनचा. वडील साबण आणि मेणबत्त्या करायचे. घरात सतरा भावंडं, त्यामुळे शाळा लवकर सुटली. बाराव्या वर्षी ते भावाच्या छापखान्यात कामाला लागले आणि सतराव्या वर्षी घर सोडून फिलाडेल्फियाला आले. पुढे तिथे त्यांनी स्वतःचा छापखाना आणि वर्तमानपत्र चालवलं.

तिथली थंडी कडक. घरोघरी लाकडं जळायची. लाकडाचा धूर धुराड्यात गार झाला की आत काजळीचा आणि डांबरासारखा थर बसतो. वेळेवर साफ केला नाही, तर एक दिवस तोच पेट घेतो. मग ठिणग्या उडतात त्या शेजाऱ्याच्या छपरावर! म्हणजे आळस एकाचा आणि घर जळणार दुसऱ्याचं. पण सांगायला जावं, तर वर्षानुवर्षांचा शेजार तुटायचा.

१७३० मध्ये शहरात धक्क्याजवळ मोठी आग लागली. गोदामं गेली, घरं गेली. १७३५ मध्ये फ्रँकलिन यांनी आपल्या पत्रात नाव न देता एक लेख छापला. पेटते निखारे फावड्यात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाऊ नका, चुलीपुढची फरसबंदी पुरेशी रुंद ठेवा, असं त्यात होतं. धुराडी साफ करणाऱ्यांना परवाना द्यावा आणि सफाईनंतर पंधरा दिवसांत धुराडं पेटलं तर दंड त्या सफाईवाल्याने भरावा, असंही सुचवलं होतं. अमुक शेजारी वाईट, असं कुठेच नाही. नियम मात्र सगळ्यांना सारखा.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७३६ मध्ये, त्यांनी तीसएक जणांना घेऊन युनियन फायर कंपनी काढली. प्रत्येकाने कातडी बादल्या आणि सामान बाहेर काढायला जाड पिशव्या तयार ठेवायच्या, महिन्यातून एकदा जमायचं, गैरहजर राहिलं तर दंड! त्या दंडातून बंब आणि शिड्या आल्या. बघता बघता शहरात अशी बरीच मंडळं निघाली.

१७४० नंतर त्यांनी कमी लाकडात जास्त ऊब देणारी लोखंडी शेगडी तयार केली. गव्हर्नरांनी पेटंट देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. शेगडीत दोषही होता. धूर आधी खाली उतरून मग वर जायचा, त्यामुळे धुराडं गार असलं की ओढ बसत नसे. पुढे इतरांनी ती सुधारली.

१७५२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर घरांसाठी परस्पर आगविमा सुरू केला. आधी माणूस येऊन घर पाहायचा, धोका जास्त तर हप्ताही जास्त. शेजाऱ्याने तोंड वाईट करायची गरजच उरली नाही, ते काम हप्त्यानेच केलं. ही संस्था आजही चालू आहे.

१७८५ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, फ्रान्सहून परतताना जहाजावर त्यांनी धुरकट धुराड्यांवर मोठा लेख लिहिला. परत आल्यावर भाड्याने द्यायची घरं बांधली, तेव्हा एका खोलीचं लाकूड दुसऱ्या खोलीच्या लाकडाला लागणार नाही अशी रचना केली. जिन्याच्या पायऱ्यांनाही गिलावा करून घेतला. १७९० मध्ये ते गेले.

आपल्याकडे धुराडी नाहीत. पण जिन्यातली अडगळ, गॅसची जुनी नळी, एकाच प्लगवर लावलेली चार यंत्रं आहेतच. त्यावरून दारात जाऊन भांडण्यापेक्षा सर्वसाधारण सभेत सगळ्यांसाठी एक नियम करावा, तपासणीची तारीख ठरवावी आणि ती पहिल्यांदा आपल्याच घरापासून सुरू करावी. पंचवीस वर्षांचा शेजार आहे आपला, तो आणि घर, दोन्ही जपायला हवं.