खाऱ्या पाण्यातली गोगलगाय

खोटं कशाला बोलू? गेल्या पावसाळ्यात कुंपणाजवळच्या एका गोगलगायीवर मी चिमूटभर मीठ टाकलं. गंमत म्हणून. तिला नुसता फेस आला आणि थोड्या वेळाने ती मेली. गुरुजींनी पाहिलं, पण रागावले नाहीत. त्यांनी मला चार्ल्स डार्विन यांची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो.

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूझबरी येथे झाला. ते आठ वर्षांचे असताना आई वारली. वडील डॉक्टर. त्यांनी मुलाला डॉक्टरकी शिकायला धाडलं. पण शस्त्रक्रिया बघवेना, म्हणून ते शिक्षण सुटलं. पुढे पाद्री व्हायचं ठरलं, तर यांचं सगळं लक्ष भुंगे गोळा करण्यात!

१८३१ साली, २२ व्या वर्षी, ते 'बीगल' जहाजातून जगप्रवासाला निघाले. बोट फार लागायची, तरी पाच वर्षे मागे फिरले नाहीत. १८३५ मध्ये ते गालापागोस बेटांवर पोचले. ही बेटे ज्वालामुखीतून समुद्रात वर आलेली. दक्षिण अमेरिकेचा किनारा सुमारे १००० किलोमीटर दूर. तिथल्या जमिनीवरच्या गोगलगायींचे १६ प्रकार त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात नोंदले. एक सोडून बाकी सगळे फक्त तिथलेच!

डार्विन यांना कोडं पडलं. गोगलगायीला ना पंख, ना पोहता येतं. मीठ तर तिचं वैरी. मग समुद्र ओलांडून ती बेटांवर गेली कशी? त्यांनी तिची अंडी समुद्राच्या पाण्यात टाकून पाहिली. ती बुडाली आणि मेली. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. पण थंडीत गोगलगाय शंखाच्या तोंडावर पापुद्रा धरून झोपते. तशी झोपलेली एक मोठी गोगलगाय त्यांनी समुद्राच्या पाण्यात चक्क २० दिवस ठेवली. बाहेर काढली, तर जिवंत! म्हणजे वाहत्या लाकडाच्या फटीत बसून ती दूर जाऊ शकते.

बेटावर पोचलेल्या गोगलगायी तिथेच राहिल्या. पिढ्यान् पिढ्या थोड्या थोड्या बदलत गेल्या आणि नव्या जाती झाल्या. सजीव असे बदलत जातात, हा विचार डार्विन यांनी १८५९ साली ग्रंथात मांडला. १९ एप्रिल १८८२ रोजी ते वारले.

आज गालापागोसवर गोगलगायींच्या ६० हून अधिक जाती माहीत आहेत. पण बेट लहान. तिथली जात संपली, की जगातूनच संपली.

मित्रांनो, आपल्याकडच्या गोगलगायीही उन्हाळ्यात असाच पापुद्रा धरतात. दगडाखाली हळूच बघा, आणि दगड पुन्हा ठेवा. मी एका जिवाला उगाच मारलं आणि शिकलो काहीच नाही. त्यांनी एक गोगलगाय २० दिवस जपून पाहिली आणि जगाला शिकवलं. यंदा वाटेवर गोगलगाय दिसली, तर मी तिला उचलून गवतात ठेवतो.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी