हम्फ्री डेव्ही आणि हसविणारा वायू

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या बाजूला कोळशाच्या खाणी आहेत. खाणीतील ज्वालाग्राही वायूपासून कामगारांचे रक्षण करणारा दिवा १८१५ मध्ये बनविणारा हम्फ्री डेव्ही शास्त्राच्या पुस्तकांतून आपणांस भेटतो. परंतु ऐन तारुण्यात तो एका वायूच्या मोहात कसा सापडला आणि त्यातून कसा सावरला, ही हकिगत कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही जाणून घेण्यासारखी आहे.

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडमधील पेन्झन्स गावी झाला. वडील लाकडावर कोरीव काम करीत. १७९४ मध्ये ते वारले आणि मुलाने एका वैद्याकडे उमेदवारी पत्करली. १७९८ मध्ये ब्रिस्टल येथे डॉ. बेडोज यांच्या संस्थेत त्याला काम मिळाले. निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे होतात का, हे तेथे पाहिले जाई.

प्रीस्टलीने १७७२ मध्ये शोधलेला नायट्रस ऑक्साइड हा वायू रोग पसरवितो, अशी एका अमेरिकन डॉक्टरची समजूत होती. डेव्हीने तो स्वतः हुंगून ही समजूत खोटी ठरविली. एप्रिल १७९९ मध्ये त्याने शुद्ध वायू घेतला. अंगभर आनंदाची लहर आली, हसू आवरेना. मग चटक लागली. कधी कधी आठवडाभर दिवसातून तीन-चार वेळा तो वायू घेई. सदी आणि कोलरिज हे कवीही या प्रयोगांत सामील झाले. हाच कोलरिज पुढे अफूच्या आहारी गेला.

डेव्हीचा मोठेपणा असा, की त्याने स्वतःची ओढ लपविली नाही. दुसऱ्याला वायू घेताना पाहिले, किंबहुना वायूची नुसती पिशवी दिसली, तरी आपल्यालाही इच्छा होते, हे त्याने नोंदवून ठेवले. अखेर अतिश्रम व वायूंचे प्रयोग यांनी प्रकृती ढासळली. तो महिनाभर गावाकडे जाऊन राहिला, तेव्हा ती सुधारली.

या वायूने वेदना कमी होतात, शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग व्हावा, असे त्याने १८०० च्या ग्रंथात सुचविले. कोणी लक्ष दिले नाही. वायू करमणुकीच्या खेळांतच राहिला. १८०१ मध्ये डेव्ही लंडनला गेला, विजेच्या अभ्यासात बुडाला आणि १८०७ मध्ये त्याने पोटॅशियम व सोडियम वेगळे केले. एका नादाची जागा कामाने घेतली. १८२० मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे वारला.

सर्वांचे नशीब असे नसते. अमेरिकेतील दंतवैद्य होरेस वेल्स याने १८४४ मध्ये हाच वायू घेऊन स्वतःचा दात वेदनेविना काढवून घेतला. पुढे क्लोरोफॉर्म स्वतःवर वापरता वापरता त्याचे भान सुटले आणि १८४८ मध्ये तुरुंगात त्याने जीव दिला.

डेव्हीला ठाऊक नव्हते ते आज ठाऊक आहे. हा वायू शरीरातील ब-१२ जीवनसत्त्व निकामी करतो. त्यामुळे मज्जारज्जू व नसांवरचे आवरण झिजते; पायांना मुंग्या येतात, तोल जातो, विस्मरण होते. ज्यांच्या आहारात ब-१२ मुळातच कमी, अशा शाकाहारी माणसांना हा धोका अधिक. शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्राणवायूसह मोजून दिलेला हा वायू उपकारक ठरतो. गमतीखातर फुग्यातून वारंवार हुंगणारी तरुण मुले मात्र कुबड्यांवर आलेली आहेत. वायू पूर्ण बंद करणे, ब-१२ ची इंजेक्शने आणि व्यायाम यांनी पुष्कळजण काही महिन्यांत सावरतात. उशीर झाला तर थोडे अपंगत्व कायम राहते.

विद्यार्थिमित्रहो, डेव्हीचे कुतूहल घ्यावे आणि त्याचा प्रामाणिकपणाही घ्यावा. ओढ लागली आहे हे ज्याने वेळीच स्वतःशी कबूल केले, त्याला परतीची वाट सापडते. डेव्हीला ती सापडली, म्हणूनच पुढे खाणीतल्या काळोखात त्याचा दिवा पेटला.