सांडलेल्या थेंबाचा धडा

नागपूरहून रायपूरकडे निघालेला प्रवासी भंडारा आणि साकोली मागे टाकून गोंदिया जिल्ह्यातील देवरीला पोहोचतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत देवरीच्या रहिवाशांचे जिल्ह्याचे ठिकाण भंडाराच होते. त्या भंडाऱ्याजवळ जवाहरनगर येथे १९६० च्या दशकात संरक्षण खात्याची आयुध निर्माणी उभी राहिली. स्फोटके आणि तोफगोळ्यांना गती देणारी दारू तयार करणे हे तिचे काम. २४ जानेवारी २०२५ रोजी या निर्माणीत भीषण स्फोट झाला आणि अनेक कामगार प्राणास मुकले. अशा कारखान्यांच्या भिंतींआड माणसे रोज कोणता धोका हाताळतात, याची जाणीव बाहेरच्या जगाला बहुधा अशाच दिवशी होते.

हा धोका बाटलीत, पेटीत आणि पुढे काडतुसात बंदिस्त करण्यासाठी एका माणसाने सारे आयुष्य वेचले. त्याचे नाव आल्फ्रेड नोबेल. दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात त्याच्या नावाची पारितोषिके जाहीर होतात, तेव्हा जग त्याचे स्मरण करते. पण पारितोषिकाचा संस्थापक ही त्याची ओळख आयुष्याच्या अगदी शेवटची आहे. त्यापूर्वीची तीस-पस्तीस वर्षे हा माणूस सांडणाऱ्या, पाझरणाऱ्या आणि अवेळी पेट घेणाऱ्या पदार्थांशी झुंजत होता.

आल्फ्रेडचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ रोजी स्टॉकहोम येथे झाला. वडील इमॅन्युएल हे कल्पक संशोधक, पण व्यवहारात वारंवार अपयश आलेले. कर्जबाजारी झाल्यावर त्यांनी रशियाची वाट धरली आणि सेंट पीटर्सबर्ग येथे कारखाना काढला. क्रिमियाच्या युद्धात त्यांनी रशियन आरमाराला पाणसुरुंग पुरवले. आल्फ्रेडचे शिक्षण घरीच झाले. तरुण वयातच अनेक भाषा त्याला अवगत झाल्या. साहित्याची त्याला ओढ होती, तो कविताही लिही. त्याला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या निकोलाय झिनिन यांनी त्याचे लक्ष नायट्रोग्लिसरीन नावाच्या तेलकट द्रवाकडे वेधले.

१८४७ मध्ये इटलीतील तुरिन येथे अस्कानियो सोब्रेरो यांनी हा द्रव प्रथम तयार केला होता. बंदुकीच्या दारूपेक्षा त्याची शक्ती कितीतरी अधिक होती. मात्र तो कधी आणि कशाने भडकेल याचा नेम नव्हता. स्वतः सोब्रेरो त्याला भिऊन असत. आल्फ्रेडने हा प्रश्न दोन भागांत वाटून घेतला. हवा तेव्हा स्फोट कसा घडवावा, हा पहिला; आणि नको तेव्हा तो कसा टाळावा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर त्याला लवकर सापडले. छोट्या स्फोटाने मोठा स्फोट घडवणारी टोपी त्याने तयार केली आणि सुरुंगाच्या कामाला नवे तंत्र मिळाले. दुसऱ्या प्रश्नाने मात्र त्याच्या घरातच बळी घेतला.

३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधील हेलेनेबोर्ग येथील नोबेल कुटुंबाच्या कार्यशाळेत नायट्रोग्लिसरीनचा स्फोट झाला. त्यात आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल याच्यासह अनेक जण ठार झाले. एमिलला एकविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. काही महिन्यांतच वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाहीत. शहराच्या हद्दीत हे उत्पादन करण्यास मनाई झाली, तेव्हा आल्फ्रेडने सरोवरात नांगरलेल्या एका तराफ्यावर काम चालू ठेवले. भावाच्या मृत्यूनंतरही तो थांबला नाही, याबद्दल त्याला निष्ठुर म्हणणारे तेव्हाही होते. परंतु त्यानंतर त्याच्या संशोधनाची दिशा बदललेली दिसते. आता त्याला अधिक शक्ती नको होती. असलेली शक्ती ताब्यात ठेवायची होती.

खाणी, बोगदे आणि रेल्वेमार्ग यांच्या कामासाठी या तेलाला जगभरातून मागणी येऊ लागली होती. पत्र्याच्या डब्यांत भरून आणि लाकडी पेट्यांत ठेवून ते जहाजांनी रवाना होई. डबे गंजत, सांधे सुटत, तेल पाझरे. ते हाताळणाऱ्या हमालांना आणि गाडीवानांना त्याचा स्वभाव ठाऊक नव्हता. एप्रिल १८६६ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर असे तेल घेऊन आलेल्या एका जहाजात स्फोट होऊन मोठी प्राणहानी झाली. त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथील एका वाहतूक कंपनीच्या आवारात गळकी पेटी उघडताना स्फोट झाला आणि पंधराच्या आसपास माणसे दगावली. देशोदेशीच्या सरकारांनी या तेलाच्या वाहतुकीवर बंधने घालण्यास सुरुवात केली. कारखाना कितीही दक्ष असला, तरी वाटेत सांडलेला एक थेंब सारा व्यवसाय बुडवू शकतो, हे नोबेलला कळून चुकले.

उपाय मातीत सापडला. जर्मनीत हॅम्बुर्गजवळील क्रुमेल येथे त्याचा कारखाना होता. त्या भागात कीसेलगुर नावाची हलकी, सच्छिद्र माती विपुल मिळे. अतिसूक्ष्म शेवाळांच्या कवचांपासून ती बनलेली असते. तीन भाग तेल एका भाग मातीत मुरवले, की मळलेल्या कणकेसारखा गोळा तयार होई. तो हाताळता येई, कागदात गुंडाळून त्याच्या कांड्या करता येत आणि टोपीशिवाय तो सहसा भडकत नसे. १८६७ मध्ये नोबेलने त्याचे एकस्व घेतले आणि त्याला डायनामाइट हे नाव दिले. गळक्या डब्यातील तेल योगायोगाने भोवतालच्या मातीत मुरलेले पाहून हा शोध लागला, अशी कथा पुढे पसरली. नोबेलला ती मान्य नव्हती. हे फळ पद्धतशीर प्रयोगांचे आहे, असेच तो सांगत राहिला.

स्कॉटलंडमधील आर्डीर येथील त्याच्या कारखान्यात शिस्तीला फार महत्त्व होते. दारात कामगारांची झडती होई. आगकाडी आत नेण्यास सक्त मनाई होती. स्त्री कामगारांच्या केसांत धातूची पिनदेखील चालत नसे. नायट्रोग्लिसरीनच्या तापमानावर नजर ठेवणाऱ्या कामगाराला एकाच पायाचे स्टूल दिलेले असे. डुलकी लागली की तो पडणार, म्हणजे जागा राहणार. आज हे चित्र हास्यास्पद वाटेल. परंतु त्या एका माणसाच्या जागे राहण्यावर शेजारच्या साऱ्यांचे प्राण अवलंबून होते.

१८८७ मध्ये नोबेलने बॅलिस्टाइट या धूरविरहित दारूचा शोध लावला. जुन्या काळ्या दारूच्या धुराने रणांगण झाकोळून जाई आणि बंदुकीची नळी काजळाने भरे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये त्यावर एक तोडगा काढलेला होता. नोबेलने नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज ही दोन स्फोटके एकत्र करून आपला स्वतंत्र मार्ग शोधला. तेव्हा तो पॅरिसमध्ये राहत होता. त्याने ही दारू इटलीला विकताच फ्रान्समध्ये त्याच्यावर हेरगिरीचे आरोप झाले, त्याची प्रयोगशाळा बंद पडली आणि १८९१ मध्ये त्याला इटलीतील सान रेमो येथे मुक्काम हलवावा लागला. ब्रिटनमध्ये फ्रेडरिक एबेल आणि जेम्स ड्यूअर यांनी कॉर्डाइट नावाची मिळतीजुळती दारू बनवली. तिच्याविरुद्धचा दावा नोबेल १८९५ मध्ये अंतिम न्यायालयातही हरला. हीच कॉर्डाइट पुढे भारतात आली. निलगिरीतील अरुवंकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी तिचा कारखाना निघाला.

या कुळातील दारू आज पिस्तुलाच्या अनेक काडतुसांत असते. ज्या देशांत कायदा परवानगी देतो तेथे नेमबाज वापरलेली काडतुसे यंत्रावर पुन्हा भरतात. भारतात अशा कामाला परवान्याची कडक अट आहे. या यंत्राची तबकडी प्रत्येक दाबासरशी एक घर पुढे सरकते. एका घरात टोपी बसते, दुसऱ्यात दारू पडते, पुढे गोळी बसते. तबकडी झटक्याने थांबली, की आखूड आणि काठोकाठ भरलेल्या पुंगळीतून चार कण बाहेर उडतात. दारूची नळी पुंगळीच्या तोंडावर नीट टेकली नाही तरीही तेच होते. ते कण तबकडीखाली आणि टोपीच्या मार्गात साचतात, मग टोपी पुरती खोल बसत नाही. यापेक्षा गंभीर बाब म्हणजे त्या पुंगळीत दारू कमी पडते. अशी गोळी नळीतच अडकू शकते आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटून हात जायबंदी होतो. म्हणून जाणकार दांडा सावकाश, एकसारख्या गतीने ओढतात, गोळी बसेपर्यंत प्रत्येक पुंगळीत डोकावतात, दारू वारंवार तोलून पाहतात आणि सांडलेले कण तेथल्या तेथे कुंचल्याने टिपतात. कण का सांडले, हे कळल्याशिवाय पुढची पुंगळी भरू नये, हा त्यांचा पहिला नियम. आर्डीरच्या शिस्तीचाच हा धाकटा अवतार होय.

नोबेलच्या अखेरच्या वर्षांत नियतीने एक विचित्र खेळ केला. त्याला हृदयविकार जडला आणि डॉक्टरांनी औषध म्हणून दिले ते नायट्रोग्लिसरीनच. तो अविवाहित होता. बर्था फॉन सुटनर या शांततावादी लेखिकेशी त्याचा दीर्घ पत्रव्यवहार होता. १९०५ मध्ये तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २७ नोव्हेंबर १८९५ रोजी त्याने मृत्युपत्रावर सही केली आणि संपत्तीचा बहुतांश भाग पारितोषिकांसाठी ठेवला. १० डिसेंबर १८९६ रोजी सान रेमो येथे त्याचे निधन झाले. त्याच्या नावावर ३५५ एकस्वे होती. पहिली पारितोषिके १९०१ मध्ये देण्यात आली.

स्फोटकाला आवर घालणे त्याला जमले. त्याच्या वापराला आवर घालणे त्याच्या हातात नव्हते. डायनामाइटने बोगदे खोदले, तसे युद्धेही लढली गेली. त्याच्या दारूने नेमबाजांना पदके मिळवून दिली, तशी माणसेही मारली. हा हिशेब कोणत्याही मृत्युपत्राने पुरता मिटत नाही. मात्र स्फोटकाजवळ काम करणाऱ्यांसाठी त्याच्या आयुष्याने एक गोष्ट निःसंशय शिकवून ठेवली आहे. एमिलचा बळी गेल्यावर, पनामा आणि सॅन फ्रान्सिस्कोत माणसे दगावल्यावर त्याने गळतीला किरकोळ मानणे सोडले. देवरीकडे जाताना भंडाऱ्याच्या वाटेवर जवाहरनगर लागते. तेथे रोज पाळीवर जाणाऱ्या कामगाराच्या घरी संध्याकाळी कोणीतरी त्याची वाट पाहत असते. त्याचे सुखरूप परतणे आजही याच शिस्तीवर अवलंबून आहे. ती पाळणे जितके कामगाराचे कर्तव्य, तितकेच ती पाळता येईल अशी व्यवस्था उभारणे हे कारखाना चालवणाऱ्यांचे.